वाईट नव्हती

अमोनियाचं प्रमाणपत्र असलेला एकच माणूस निघाला, आणि तो लायल गेडिस होता. अर्जावरचं नाव वाचलं तेव्हा मी उभा होतो. खाली बसलो. मग परत उठून खिडकी लावली, कारण वायव्येचा गरम वारा सुटला होता आणि टेबलावरचे बाकीचे अर्ज उडायला लागले होते. बाकीचे म्हणजे जवळजवळ सगळं टिमारू गाव. बँकेतून काढलेला मॅनेजर होता, लग्नांचे फोटो काढणारा होता, विमानाची तिकिटं विकणारी बाई होती. एकाने लिहिलं होतं की तो हिवाळ्यातही समुद्रात पोहतो, त्यामुळे शीतगृहातल्या थंडीचं त्याला काही वाटणार नाही. मंदीत माणसं मिळणं सोपं जातं, असं ज्यांनी कधी माणसं भरली नाहीत त्यांना वाटतं. दिवस बरे असतात तेव्हा तिघांचे अर्ज येतात आणि त्यातला एक कामाचा असतो. मंदीत गाव लोटतं आणि कामाचा माणूस येत नाही, कारण ज्याच्या हाताला काम आहे तो बसल्या जागेवरून हलत नाही. आम्हाला शीतगृह थंड ठेवणाऱ्या अमोनियाच्या यंत्रांवर बसायला प्रमाणपत्राचा इंजिनियर हवा होता. जुना पर्सी छातीच्या दुखण्याने घरी बसला होता. सरकारी निरीक्षकाने सांगून ठेवलं होतं की माकुळ मासळीच्या बोटी धक्क्याला लागायच्या आत माणूस नेमा, नाहीतर यंत्रं बंद करा. नेल्सन शहरातल्या मालकांनी आमच्या मॅनेजरला, टॉडला, त्याच्या पुढचं वाक्य ऐकवलं होतं: यंत्रं बंद झाली तर तूही घरी जा. मला हे सगळं माहीत होतं. तरी तो अर्ज हातात धरून माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आला, स्वतःच्या पायांनी आला.

लायल गेडिस लोकरीच्या गिरणीचा साहेब होता, तिथलं शीतयंत्रही तोच सांभाळायचा. माझी बायको नोएलिन त्याच्या हाताखाली रंगखात्यात होती, लग्नाच्या आधीपासून गिरणी बंद पडेपर्यंत. रंगवलेल्या लोकरीची लड उत्तरेच्या खिडकीशी न्यायची, नमुन्याशेजारी धरायची आणि रंग जुळला की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. घरीही तिची ती सवय गेली नव्हती. समुद्राकडे बघून म्हणायची, आज हिरवा जास्त पडलाय. माझ्याकडे बघून म्हणायची, तू आज पिवळा दिसतोस, दुपारी काय खाल्लंस? गिरणी बंद झाली तेव्हा ती फार घाबरली नाही. अ‍ॅशबर्टनला अमेरिकन लोकांनी गालिच्याच्या धाग्याचा कारखाना काढला होता आणि त्यांना रंग ओळखणारं माणूस हवं होतं. ती निळा कोट घालून गेली आणि हसत परत आली. त्यांनी तिला धागे दाखवले होते आणि तिने सगळे बरोबर सांगितले होते. फक्त जुन्या साहेबांना एक फोन करायचा राहिला होता. आमच्याकडे नोकरी त्या फोनवर ठरते. तुम्ही काय शिकलात, कुठे कुठे होतात, हे कागदावर असतं. पण जुन्या साहेबाला विचारतात, हे माणूस परत घ्याल का, आणि तो काय बोलतो, किती वेळ थांबून बोलतो, त्यावर सगळं असतं. पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या मॅनेजरने तिला स्वतः फोन केला. नाही म्हणायला कुणी फोन करत नाही, पण हा माणूस भला होता. म्हणाला, मला तुम्ही हव्या होतात, पण तुमच्या जुन्या साहेबांकडून चांगलं ऐकायला मिळालं नाही.

तिने फोन खाली ठेवला आणि बटाटे सोलत राहिली. मग म्हणाली, "मी लायलचं काय बिघडवलं होतं रे?"

हा प्रश्न आमच्या घरात राहायला आला. तिला वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात काम मिळालं. तिथे रंग नव्हता, चादरी होत्या. ती तक्रार करत नसे, पण मधेच, गाडीत माझ्या शेजारी बसून, दिव्याची वात बघावी तशी समोर बघत म्हणायची, एकदा त्या हिरव्या मालाला मी नाही म्हटलं होतं, त्याचा राग धरला असेल का? की त्याची बायको आजारी होती तेव्हा मी विचारपूस केली नाही म्हणून? वर्षानुवर्षं ती स्वतःची चूक शोधत राहिली, आणि ती नीटनेटकी बाई असल्यामुळे तिला रोज एखादी सापडायची. मी म्हणायचो, जाऊन विचारतो त्याला. ती म्हणायची, खबरदार. विचारणं म्हणजे हात पसरणं, असं तिचं होतं, आणि खरं तर आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं. गावात लायल समोरून आला की ती दुकानाच्या काचेतल्या बुटांकडे बघायची. शेवटी पोटाचं दुखणं आलं. इस्पितळात औषधाच्या गुंगीत ती मला ओळखत नव्हती तेव्हाही लायलचं नाव घेत होती. माझं नाव नाही, लायलचं. नवऱ्याला ते ऐकणं काय असतं ते सांगता येत नाही. दफनाच्या दिवशी गावाने रिवाजाप्रमाणे घरून ताटं करून आणली. त्यात अंड्याच्या सँडविचचं एक ताट लायलच्या घरून होतं, खाली चिकटपट्टीवर गेडिस लिहिलेलं. सगळे गेल्यावर मी ते मागच्या अंगणात नेऊन समुद्रपक्ष्यांना घातलं. ताट परत केलं नाही. अजून आहे. त्यात मी कुत्र्याला जेवायला वाढतो.

आणि तो भला मॅनेजर म्हणजे टॉड. अ‍ॅशबर्टनचा कारखाना बंद पडल्यावर तो टेक्ससला परत गेला नाही. इथल्या मुलीशी लग्न केलं होतं, नदीवरच्या मासेमारीचं वेड लागलं होतं. शीतगृहाने त्याला घेतलं आणि मी, जो बंदरावर पोती उचलत उचलत माणसं भरण्याच्या टेबलापर्यंत आलो होतो, त्याच्या हाताखाली आलो. पहिल्याच दिवशी त्याने माझं आडनाव वाचलं, दार लावून घेतलं आणि म्हणाला की तुमची बायको आली होती, मला ती हवी होती, पण तिच्या साहेबाने पाणी फिरवलं. नोएलिन तेव्हा नुकतीच गेली होती. मी त्याचा हात हातात घेतला. टॉडचं सगळंच मोठ्या आवाजात असायचं. त्याला चहा आवडला की तो अफलातून, पाऊस थांबला की जबरदस्त, धक्क्यावरचा सर्वांत आळशी माणूसही त्याच्या लेखी हिरा. आम्ही त्याला पाठीमागे हसायचो. पण तो माझ्या बायकोबद्दल खरं बोलला होता, म्हणून मी त्याच्यासाठी राबलो.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी काय काय ठरवलं ते आठवतं. लायलला यंत्रांच्या बाजूच्या बोळात बसवायचं, जिथे अमोनियाचा वास नाकात जातो आणि बाक लोखंडी आहे. त्याला आत घेतल्यावर विचारायचं, तुमच्याबरोबर काम केलेली माणसं तुमच्याबद्दल काय म्हणतील? विचारून गप्प बसायचं. त्याला घाम फुटू द्यायचा. मग तो गेल्यावर टॉडला सांगायचं, हाच तो. टॉड त्याला घेणार नाही याची मला खात्री होती, आणि नाही घेतल्यामुळे बोटी आल्यावर आमचं सगळ्यांचं काय होईल याचा मी विचार केला नाही. खरं सांगायचं तर केला, आणि चालेल म्हटलं. त्या संध्याकाळी मी मटणाचे दोन तुकडे तळले आणि कितीतरी महिन्यांनी मला चव लागली.

तो बोळात बसला तो टोपी मांडीवर ठेवून. सूट त्याला मोठा झाला होता, गळ्याभोवती कॉलर सैल होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "वॉली." मी म्हटलं, "लायल." एवढंच. आत टॉडने त्याला विचारलं की तुम्हाला कोणत्या गोष्टीने उत्साह येतो. लायलने बराच विचार केला आणि म्हणाला, त्याबद्दल काही सांगता येणार नाही. टॉडने विचारलं, आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी? लायल म्हणाला, गिरणीचं शीतयंत्र माझ्या हातात असेतो बंद पडलं नाही. टॉड पुढे झुकून वाट बघत राहिला. लायलला वाटलं त्याला ऐकू आलं नसेल, म्हणून त्याने तेच जरा मोठ्याने सांगितलं. मी खाली मान घालून हसलो. टॉडने मग विचारलं, तुम्ही इथल्या सगळ्या उमेदवारांत उत्तम आहात असं मी का मानावं? लायलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, ते तुम्ही बघायचं, मी कसं सांगू. त्याची ती घालमेल बघताना मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटता वाटता कुठेतरी खुपत होतं. तो ज्या तऱ्हेने अडखळत होता त्याच तऱ्हेने माझा बाप अडखळला असता. मीही.

फाटकापर्यंत उमेदवाराला सोडायला मी जातो. वारा इतका होता की बंदरातल्या ओंडक्यांच्या ढिगांवरची सालं उडत होती. वाटेत त्याने एकदाच सांगितलं की मुलगी दोन पोरं घेऊन परत घरी आली आहे, जावयाचं ऑस्ट्रेलियातलं काम गेलं. मग पुढे काही बोलला नाही. बोलला त्याचंच त्याला अवघड झालं असावं. फाटकाशी मी थांबलो. नोएलिनने मला विचारायला बंदी केली होती ती जिवंत असताना. आता ती नव्हती आणि मला उत्तर माहीत होतं. मला फक्त त्याचं तोंड बघायचं होतं.

"अ‍ॅशबर्टनहून नोएलिनसाठी फोन आला होता तुला," मी म्हटलं. "काय सांगितलंस?"

तो फोन लगेच आठवला त्याला. टोपी दाबून धरत म्हणाला, "म्हटलं, वाईट नव्हती."

मी फाटकावर हात टेकला.

"दोनदा म्हटलं," लायल म्हणाला. "त्या अमेरिकनाला पहिल्यांदा कळलं नसावं. परत घ्याल का म्हणाला. म्हटलं, गिरणी बंद पडली ना बाबा, कुठे घेऊ? पण ती गेली का नाही मग तिकडे? मला वाटलं, तिलाच नको झालं असेल. कंटाळली असेल बिचारी."

तो गेला. मी फाटकाला धरून उभा राहिलो. टिमारूत माणूस मेला की पाद्री त्याचे गुण सांगतो ते कुणी ऐकत नाही. मग बाहेर चहाचा कप घेऊन एखादा जुना सोबती येतो आणि विधवेला म्हणतो, वाईट नव्हता. त्या शब्दावर ती रडते. त्याच्यापुढे आमच्याकडे शब्द नाही. नोएलिनने मला पहिला स्वेटर विणून दिला तेव्हा मी आरशात बघून म्हटलं होतं, वाईट नाही, आणि तिने तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवला होता. तिच्यापर्यंत लायलचा शब्द जसाच्या तसा पोचला असता तर तिने तोही जपला असता. पण तो टॉडच्या कानातून गेला. ज्याच्या देशात चहाही अफलातून असतो त्याने ‘वाईट नव्हती’ ऐकलं आणि भलेपणाने तिला कळवलं की चांगलं ऐकायला मिळालं नाही. आणि ती बाई धुलाईखान्यात चादरी झटकत आयुष्यभर केलेल्या चुका आठवत राहिली. मला राग यायला हवा होता, पण आधी काहीच आलं नाही. इतकी वर्षं मी ज्याचं तोंड फोडायला हात तयार ठेवला होता तो माणूस बसस्टॉपवर टोपी धरून उभा होता, आणि हात तसाच वर होता. मग मागे वळून बघितलं. वरच्या मजल्यावर टॉड खिडकीत उभा होता. त्याने तिथूनच अंगठा उंचावला, म्हणजे काय, कसं वाटलं. तेव्हा राग आला. तो जुनाच होता, फक्त आता त्याला घर सापडलं.

लायलने चौकशीसाठी ज्याचं नाव दिलं होतं तो अ‍ॅथल, टेमुका गावातला म्हातारा इंजिनियर. त्याला फोन करायचं काम माझंच. मी विचारलं, लायल गेडिसला परत घ्याल का. फोनमध्ये मेंढ्या ओरडत होत्या. अ‍ॅथलने घसा साफ केला, बराच वेळ घेतला आणि म्हणाला, "लायल? चालेल." मग फोन ठेवला. अ‍ॅथलने एवढंही ज्याच्याबद्दल म्हटलं असा दुसरा माणूस या किनाऱ्यावर नसेल.

मी जिना चढताना सगळं स्पष्ट दिसत होतं. मला खोटं बोलायची गरज नव्हती. कुणाविरुद्ध काही करायचीही गरज नव्हती. अ‍ॅथलने जे म्हटलं ते टॉडला जसंच्या तसं सांगायचं आणि गप्प राहायचं. टॉड तोच कान लावणार होता, तीच चूक परत करणार होता, आणि या वेळी ती त्याच्याच मानेवर बसणार होती. बोटी येणार, माणूस नाही, यंत्रं बंद, टॉड घरी. तोही मग घरी बसून शोधत राहील की आपलं काय चुकलं. त्याला कधीच सापडणार नाही. नोएलिनलाही सापडलं नव्हतं. असं जुळून येणं मी देवाकडे मागितलं असतं तरी मिळालं नसतं.

"काय म्हणाला त्याचा माणूस?" टॉडने विचारलं.

"चालेल म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

टॉडने ओठ दाबले. दुःखी झाला तो, खरोखरच. म्हणाला, वॉली, ज्याने स्वतः नाव दिलं त्यालाही याहून चांगलं सांगता येत नसेल तर आपण काय करायचं? आणि लायलचा अर्ज उचलून डाव्या हाताच्या ढिगावर ठेवला, फोटो काढणाऱ्याच्या आणि पोहणाऱ्याच्या वर. ते इतक्या सहज झालं की मला वाटलं, तेव्हाही असंच झालं असणार. निळ्या कोटातली नोएलिन अशीच एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर गेली असणार. मी गप्प होतो. गप्प राहणं किती सोपं असतं, नुसता श्वास घ्यायचा. आणि मग मला लायलची सैल कॉलर दिसली. त्या घरात त्याची मुलगी असणार, आणि कुणीतरी बटाटे सोलत असणार, आणि उद्या फोन आल्यावर तो म्हणणार, मी अ‍ॅथलचं काय बिघडवलं होतं. टॉडला बुडवायला मला तो प्रश्न स्वतःच्या हाताने दुसऱ्या एका स्वयंपाकघरात नेऊन ठेवावा लागणार होता. दयेचा इथे काही संबंध नव्हता. तो प्रश्न नोएलिनचा होता, मला तो लायलला द्यायचा नव्हता. आणि टॉडला तो असा न कळता मिळावा हेही मला पुरेसं वाटेना. त्याला कळायला हवं होतं.

मी म्हटलं, "लायलला फोन लाव. दोघांनाही ऐकू येईल असा. आणि मी सांगतो ते विचार."

टॉडने माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, त्याने फोन लावला. लायल नुकताच घरी पोचला होता, धापा टाकत होता. मी टॉडला हळू आवाजात सांगितलं आणि त्याने तसंच विचारलं, की नोएलिन ड्रमंड तुमच्याकडे होती, ती कशी होती कामाला.

 पलीकडे लहान मूल रडत होतं. लायल म्हणाला, "हे मी सांगितलं होतं मागे. वाईट नव्हती."

"म्हणजे काय ते विचार," मी म्हटलं.

टॉडने विचारलं. लायल वैतागला. म्हणजे काय म्हणजे काय, म्हणाला. आमच्याकडच्या माणसाकडून असं काही काढून घेणं म्हणजे त्याला भर रस्त्यात शर्ट काढायला लावण्यासारखं असतं, आणि मला ते माहीत होतं. मी ते थांबवलं नाही. टॉड पुन्हा म्हणाला, कृपा करून सांगा. आणि लायलने सांगितलं, तुटक तुटक, मधे खोकत, की तिने बघितल्याशिवाय गिरणीतून एक गाठोडं बाहेर जात नव्हतं. की तो स्वतः सही करायच्या आधी तिच्या तोंडाकडे बघायचा. की ती सुट्टीवर गेली तर तो रंगखात्यात पाय ठेवत नसे. "तसं माणूस मला परत मिळालं नाही," तो म्हणाला. "झालं? तिचा नवरा तिथे नाही ना ऐकत?"

टॉडने फोन ठेवला. त्याला पूर्ण कळायला थोडा वेळ लागला. मी ते त्याच्या तोंडावर येताना बघितलं, आधी कपाळावर, मग डोळ्यांत, मग तो खाली बसला. मी काही समजावून सांगितलं नाही. फक्त तिने इस्पितळात कुणाचं नाव घेतलं ते सांगितलं, आणि ती धुलाईखान्यात किती दूर बसने जायची ते, आणि काय विचारायची ते. सावकाश सांगितलं, काही गाळलं नाही. तो मोठ्या आवाजाचा माणूस तोंडावर हात ठेवून बसला होता. मग त्याने डाव्या ढिगावरून लायलचा अर्ज उचलला, त्याच्यावर होय लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवला. सोमवारपासून, म्हणाला. 

"मला माफ कर, वॉली," टॉड म्हणाला.

आमच्याकडे कुणी माफी मागितली की समोरचा म्हणतो, असू दे. कुणाची गाडी तुमच्या कुंपणात घुसली तरी, कुणी तुमचं बोट दारात चेंगरलं तरी. ते म्हणावंच लागतं, ते म्हटल्याशिवाय दोन माणसांना एका खोलीतून उठता येत नाही. टॉडने या किनाऱ्यावर एवढी वर्षं काढली होती. आमचे बाकीचे शब्द त्याला कळले नसतील, हा कळत होता. तो मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत थांबला.

मी अर्जांचा ढीग उचलला, दार उघडलं आणि बाकीच्यांना नाही म्हणून कळवायला खाली गेलो.